तोंड पाहून टिळा

महाराष्ट्रात अनोळखी माणसाची ओळख करून घेताना आपण प्रथम 'नाव काय?' असे विचारतो, आणि नाव सांगून झाले की क्षणभर थांबून 'पूर्ण नाव?' असे पुन्हा विचारतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी उद्धट म्हणत नाही. आडनाव कळले की गाव कळते, गाव कळले की गावातील वस्ती कळते, आणि मग पुढे काही विचारावयाची गरज उरत नाही; विचारणारा मनातल्या मनात आपल्या खुर्चीची जागा ठरवून मोकळा होतो. ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा नैतिक विचार आम्हांला प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, आणि तोही शिकून सवरून नोकरीच्या शोधात निघालेल्या दलित व आदिवासी तरुणींच्या संदर्भात. कारण हा प्रश्न सर्वांना विचारला जात असला, तरी त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही.

टिटवाळा हे महागणपतीचे स्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अंगारकीच्या दिवशी इथे जी गर्दी लोटते तिच्यात मूळचे गाव दिसेनासे होते. परंतु एरवीचे टिटवाळे हे पहाटेच्या लोकलचे टिटवाळे आहे. मांड्याच्या बाजूला व रेल्वेच्या दोन्ही अंगांनी ज्या चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, त्यांत मुंबईत घर न परवडणारी माणसे येऊन वसली: कोणी खानदेशातली, कोणी जालन्याकडची, कोणी पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. मोहन्याचा एन.आर.सी. कारखाना २००९ साली बंद पडला. तेव्हापासून ज्या घरांतील बापाची कायम नोकरी गेली, त्यांतल्या अनेक घरांचा भार हळूहळू मुलींच्या पगारावर आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पोचावयास दीड तासाहून अधिक वेळ लागतो. महिलांच्या डब्यात पुष्कळदा आई आणि मुलगी एकाच गाडीने निघतात. आई ठाण्याला किंवा मुलुंडला घरकामासाठी उतरते आणि मुलगी पुढे मुलाखतीला जाते.

गावाबाहेर पडले की चित्र बदलते. कातकरी व ठाकरांच्या वाड्यांतील मुलींचा प्रश्न मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. कातकरी ही शासनाच्या दप्तरी आदिम जमात म्हणून नोंदलेली. एके काळी खैरापासून कात काढणारी. आता दिवाळी उरकली की कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर ह्या तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती सबंध कुटुंबाच्या हातांवर घेतलेली असते, आणि त्या हातांत मुलीचेही हात मोजलेले असतात. शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष ह्यांची कुठेच गाठ पडत नाही. दहावीच्या परीक्षा ज्या महिन्यात होतात, त्या महिन्यात भट्टी ऐन जोरात असते. आश्रमशाळेत राहून जी मुलगी निभावून नेते तिचे कौतुक होते, आणि व्हावेही. परंतु ते कौतुक करताना उचलीच्या हिशेबाकडे पाहण्याचे आपण टाळतो.

ह्या सर्व मुलींना आपला समाज एकच गोष्ट सांगत आला आहे: शिका, म्हणजे दिवस पालटतील. हे वाक्य आपण उपदेश म्हणून उच्चारतो. आमच्या मते तो नुसता उपदेश नव्हे, ते वचन आहे. आणि वचन म्हटले की ते कोणी दिले, कोणाला दिले आणि पाळावयाचे कोणी, हे विचारणे भाग पडते.

आमच्या परिचयातील एका मुलीचा अनुभव इथे सांगतो. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, टॅली शिकलेली, हिशेबात चोख. वर्षभर अर्ज करून तिला बहुतेक ठिकाणांहून उत्तरच आले नाही. दोन ठिकाणी भेटीला बोलावले आणि 'कळवतो' असे सांगितले. मग तिने पुढच्या अर्जांत आपले नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लिहिले, आडनाव गाळले. एका कार्यालयाने लगेच बोलावले. तिथल्या गृहस्थांनी प्रमाणपत्रे उघडण्यापूर्वीच हसत म्हटले, 'आडनाव लिहायचं राहिलं वाटतं?' पुढे काय झाले ते सांगावयास नको. ती आमच्याकडे आली ती नोकरीची तक्रार घेऊन नव्हे. तिचा प्रश्न निराळा होता. 'फादर, मी खोटं नाव लिहिलं नाही, फक्त अर्धं लिहिलं. हे पाप झालं का?'

धर्मशास्त्राच्या वर्गात असत्यावर जे काही शिकविले जाते, त्यात एक जुना भेद सांगितलेला असतो. खोटे बोलणे वेगळे, आणि ज्याला विचारण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे गप्प राहणे वेगळे. सत्य सर्वांचे आहे, परंतु प्रत्येक माहिती प्रत्येकाची नाही. हिशेबनीस निवडणाऱ्याला उमेदवाराची बेरीज, वजाबाकी आणि प्रामाणिकपणा तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिचे आजोबा गावाच्या कोणत्या टोकाला राहत होते हे जाणण्याचा नाही. तेव्हा तिचे मौन निर्दोष होते, असे आम्ही तिला सांगितले. ते तिला पटले की नाही, सांगता येत नाही. तिचा खरा सल वेगळा होता: स्वतःच्या बापाचे आडनाव लपवावेसे वाटले, ह्याचा. तिला हे वाटावयास लावणाऱ्याच्या मनात मात्र पापपुण्याचा प्रश्न उठलेला नाही. इतक्या असमान रीतीने अपराधाची जाणीव वाटली गेलेली पाहून आम्ही पुष्कळ विचार केला.

हा अनुभव एकट्या मुलीचा, एका गावचा किंवा आजचा नाही. नागपूरच्या कुमुद पावडे ह्यांचे 'अंतःस्फोट' हे पुस्तक १९८१ साली आले. महार समाजातील ह्या मुलीने संस्कृतचा ध्यास घेतला आणि त्या विषयात एम.ए.ची पदवी मिळविली. शतकानुशतके जी भाषा तिच्या समाजाच्या कानांवर पडू नये असा निर्बंध होता, ती तिने आत्मसात केली. यशाचे कौतुक झाले, हारतुरे झाले. परंतु संस्कृतची प्राध्यापिका म्हणून कुमुद सोमकुंवर कोणालाच नको होती. पुढे त्यांनी आंतरजातीय विवाह केला, सोमकुंवरच्या पावडे झाल्या, आणि मग शासकीय महाविद्यालयात नेमणूक झाली. पदवी तीच, विद्वत्ता तीच, बाई तीच. बदलले होते ते आडनाव. नोकरीचे श्रेय आपल्या संस्कृतला द्यावे की नवऱ्याच्या जातीला, हा त्यांचा बोचरा सवाल आहे. तो वाचून आम्हांला नेहमी वाटते की, मराठीत गुणवत्तेविषयी जे विपुल लेखन झाले आहे, त्यातील बरेचसे ह्या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

त्याहूनही मागे गेले तर १८५५ साल लागते. अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' पत्रात त्या वर्षी जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेतील मांग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखांचे वर्णन करताना बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, अशा स्त्रियांची आठवण तिने ठेवली आहे. आणि शेवटाकडे येऊन ती आपल्या लोकांना सांगते की, तुमच्या ह्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे. म्हणजे 'शिका' हे वचन ह्या मुलींना वरून कोणी दिले असे नव्हे. त्यांतल्याच एकीने ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले. तिच्या उपमेचा आम्ही आदर करतो. तरीही ती एका प्रश्नाशी आणून सोडते. औषध रोग्याने घ्यावयाचे असते. मुलीने ज्ञानाचे औषध घेतले, कडू होते तरी घेतले, पहाटेच्या गाडीत उभ्याने घेतले. परंतु आजार अर्ज वाचणाऱ्याच्या अंगात असेल, तर तिने आणखी किती डोस घ्यावेत?

ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काळ्या स्त्रियांच्या अनुभवात फार स्पष्ट सापडते, आणि तिकडे वळण्यास आपल्याला परक्यासारखे वाटण्याचे कारण नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. तेव्हा ही वाट जुनी आहे.

मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील तेराशेहून अधिक जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठविले. त्यांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. अर्ज सारख्याच योग्यतेचे; काहींवर एमिलीसारखे गोऱ्या घरांत ठेवले जाणारे नाव, काहींवर लकीशासारखे काळ्या घरांतले. गोऱ्या नावाला एक बोलावणे येण्यास सुमारे दहा अर्ज पुरले. काळ्या नावाला सुमारे पंधरा लागले. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि आम्हांला ती अधिक दुःखदायक वाटते. अर्जातील योग्यता वाढविली, अनुभव आणि कौशल्ये जास्त दाखविली, तेव्हा गोऱ्या नावाची बोलावणी चांगलीच वाढली. काळ्या नावाला त्या वाढीव योग्यतेचा लाभ पुष्कळच कमी झाला. म्हणजे 'आणखी शीक' हा सल्ला एमिलीला जितका फळतो तितका लकीशाला फळत नाही. ह्या मुलींना आपण जो उपाय सुचवितो, त्याचा गुण नेमका त्यांच्याच बाबतीत कमी येतो.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल ह्यांनी असाच प्रयोग केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडले गेले. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश भरला. आणि हे सारे खाजगी कंपन्यांत, जिथे 'आम्ही जातपात पाहत नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन ह्यांनी दिल्लीच्या परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या २५ भरती-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे ते म्हणत, आणि उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारणे अगत्याचे आहे असेही सांगत: वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घरचे वळण कसे. ह्या दोन विधानांत विरोध आहे हे त्यांना जाणवत नसे. घरकाम करणाऱ्या आईच्या मुलीने ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? खरे सांगितले तर 'पार्श्वभूमी' कमी पडते. वस्तुतः ज्या घरात पुस्तक ठेवावयास फळी नव्हती त्या घरातून पदवी बाहेर आली, ह्याहून मोठा गुणवत्तेचा पुरावा कोणता असू शकतो?

मुलींच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती त्यांच्या भावांच्या वाट्याला येत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर, स्वागतकक्षात, विमा कंपनीच्या टेबलाशी जी मुलगी बसवावयाची, ती 'दिसायला बरी' असावी लागते, आणि बरी ह्याचा अर्थ उजळ. सावळ्या मुलीला मागच्या खोलीत मालाची नोंद ठेवावयास बसवितात. क्रीम लावून उजळ झालेल्या मुलीला नोकरी मिळते असे दाखविणाऱ्या जाहिराती ह्या देशाने वर्षानुवर्षे पाहिल्या. त्या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला गेला. शब्द गेला. गल्ल्यावर कोण बसते ते वाचकांनी आपापल्या बाजारपेठेत पाहून घ्यावे.

जात आणि स्त्रीत्व ही दोन ओझी वेगवेगळी मोजली की तिसरेच काहीतरी निसटते, हे अमेरिकेतील एका खटल्याने दाखवून दिले. जनरल मोटर्स ह्या कंपनीविरुद्ध पाच काळ्या स्त्रिया न्यायालयात गेल्या. कंपनीने १९६४ पूर्वी काळ्या स्त्रियांना घेतलेच नव्हते, आणि पुढे मंदीत ज्येष्ठतेप्रमाणे कपात झाली तेव्हा नंतर आलेल्या ह्या स्त्रियाच बाहेर पडल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कंपनीत स्त्रिया आहेत, तेव्हा स्त्री म्हणून भेदभाव नाही. काळ्यांची तक्रार असेल तर ती वंशभेदाची म्हणून वेगळी मांडा. दोन्ही एकत्र जोडून नवा वर्ग तयार करता येणार नाही. कार्यालयात घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यात घेतलेले काळे हे पुरुष होते, ही गोष्ट ह्या तर्कात बसत नव्हती. किंबर्ली क्रेनशॉ ह्या काळ्या विदुषीने १९८९ साली ह्याच खटल्यावरून आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. आपल्याकडेही महिला दिनाच्या भाषणात एक स्त्री असते आणि जयंतीच्या भाषणात एक दलित असतो. टिटवाळ्याच्या गाडीतील ती मुलगी दोन्ही मंडपांच्या मधल्या रस्त्यावर उभी असते.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो प्रामाणिकपणे घेतला जातो. मालक म्हणतो, पैसा माझा, दुकान माझे. कोणाला ठेवावे हा माझा प्रश्न. संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीपुरते बोलते, माझ्या दुकानात ते येत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. नीतीच्या दृष्टीने काय? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात ह्या प्रश्नाला हात घातला आहे. एखाद्याला अध्यापकाचे पद त्याच्या ज्ञानामुळे दिले, तर देणाऱ्याने योग्य कारण पाहिले. परंतु तो अमुक आहे, पेत्र आहे की मार्टिन आहे, एवढेच पाहून दिले, तर देणाऱ्याने माणसाचे तोंड पाहिले; आणि हे त्यांच्या मते न्यायाविरुद्धचे पाप आहे. दयेविरुद्धचे नव्हे, न्यायाविरुद्धचे, हे इथे महत्त्वाचे. मराठीत ह्याला फार चपखल शब्दप्रयोग आहे: तोंड पाहून टिळा लावणे. दया न केल्याबद्दल मालकाला कोणी दोष देत नाही. परंतु जाहिरात देऊन, योग्यता ठरवून, 'अर्ज करा' असे सर्वांना सांगितल्यानंतर तो एकटा उरत नाही. त्याने एक कसोटी जाहीर केलेली असते. त्या कसोटीला उतरलेल्या मुलीचे त्याच्याकडे काहीतरी येणे निघते. नोकरी नव्हे कदाचित, परंतु तिचा अर्ज वाचला जाणे निश्चित. दुकान त्याचे असेल. दिलेला शब्द त्याचा एकट्याचा नाही.

आणि 'संधी मिळाली की सारे सुरळीत होते' असे मानणाऱ्यांसाठी २०१९ सालची एक आठवण. जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे रोजी त्यांनी वसतिगृहात जीवन संपविले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या आईने केला, आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आम्ही इतकेच म्हणतो की, राखीव जागेवर आलेल्या मुलीकडे पाहण्याची जी नजर आपल्या घरांतील जेवणाच्या गप्पांत घडते, ती पुढे कुठे कुठे जाते, ह्याचा घरांनी विचार करावा.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. जालना व अहिल्यानगर भागातून आलेल्या ख्रिस्ती मुलींची नावे रूथ, मेरी, स्टेला अशी असतात आणि आडनावे साळवे, गायकवाड, कांबळे अशी. मुलाखत घेणारा आडनाव वाचतो. सरकारी दप्तर बाप्तिस्म्याचा दाखला वाचते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस २००७ साली केली. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरी येथील एका महिलेचा दावा फेटाळला. तिला लिपिकाच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता, आणि ती प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळते असे न्यायालयाला आढळले. आदेश आहे तोवर न्यायालय निराळे काय करणार, हे समजण्यासारखे आहे. परंतु खाजगी बाजारात जिची जात पुसली जात नाही आणि सरकारी दप्तरात जिची जात उरत नाही, तिने उभे कुठे राहावे? ख्रिस्तसभेतही जात उरलेली आहे, हे भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने २०१६ सालच्या धोरणात स्पष्ट मान्य केले आहे. तेव्हा हा सवाल सरकारला विचारून थांबता येत नाही. आपल्या शाळांत, दवाखान्यांत, कार्यालयांत लादी पुसणारी बाई कोणत्या वस्तीतून येते आणि टेबलामागची कोणत्या, हे मोजावयास आयोग नेमण्याची आवश्यकता नाही.

शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त आहे. दिवस कलला तरी बाजारात उभे असलेल्यांना धनी विचारतो, तुम्ही रिकामे का? आणि ते सांगतात की, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. ह्या दृष्टान्तावर प्रवचने पुष्कळ होतात, ती बहुधा धन्याच्या उदारपणावर. त्या उत्तरावर फारसे बोलले जात नाही. धन्याने मात्र ते ऐकून घेतले आणि त्यांना आळशी म्हटले नाही. त्याने त्यांचे पूर्ण नाव विचारल्याचाही उल्लेख नाही.

आमचा संबंध असलेल्या एका संस्थेच्या नोकरीच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना आहे. तो गाळावा, तसेच अर्जांची पहिली छाननी नावाचा भाग झाकून करावी, अशी सूचना आम्ही गेल्या बैठकीत मांडली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, 'मग घरची माहिती कशी कळणार?' दुसऱ्यांनी सूचना चांगली आहे असे म्हटले. चर्चेअंती असे ठरले की, छापील अर्जांचा पाचशेचा गठ्ठा नुकताच आणलेला आहे, तो संपला की विचार करू.